गार्डन पार्टी म्हणजे पुरस्कार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी उत्तर-पश्चिम लंडनमध्ये राहते, तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचते, आणि आज पत्र लिहायला बसलेय ते दर उन्हाळ्यात मराठी पेपरांमधून येणाऱ्या एका ठराविक बातमीमुळे. अमक्या गावच्या सुपुत्राचा किंवा सुकन्येचा बकिंगहॅम पॅलेसमध्ये सन्मान, ब्रिटनच्या राजाकडून कार्याचा गौरव, सोबत साडीतला नाहीतर सुटातला फोटो, मागे राजवाड्याचं गेट, आणि खाली गावात कोणाकोणाला आनंद झाला त्यांची नावं. त्या माणसाने नेमकं केलं काय ते मात्र अर्ध्या वाक्यात उरकलेलं असतं, 'सामाजिक कार्य' म्हणून. मग ते कात्रण व्हॉट्सॲपवर फिरतं आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो अभिमान वाटतो, दुसरा म्हणतो गोऱ्यांच्या दारात उभं राहायची हौस अजून फिटली नाही वाटतं.

या बातम्यांमागे बहुतेक वेळा असते ती राजवाड्याची गार्डन पार्टी, आणि यंदा मे महिन्यात मी त्या पार्टीला जाऊन आले. त्यामुळे दोन्ही तटांना काही सांगावंसं वाटतं, आणि तुम्हाला एक विनंतीही करायची आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, कृपया सांभाळून घ्या.

आधी ही गार्डन पार्टी म्हणजे काय ते नीट सांगते, कारण बातम्यांत तिथेच घोळ होतो. ही प्रथा राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, १८६० च्या दशकापासूनची. तेव्हा ती मोठ्या घरातल्या लोकांपुरती होती. नंतर उमरावांच्या मुलींना दरबारात राणीपुढे पेश करायची पद्धत १९५८ साली बंद झाली आणि त्याच सुमारास गार्डन पार्ट्या वाढवल्या गेल्या, आणि हळूहळू त्या सर्वसामान्य पण काहीतरी काम करणाऱ्या माणसांच्या झाल्या. आता साधारणपणे वर्षाला बकिंगहॅम पॅलेसला तीन आणि एडिंबरामध्ये होलिरूड पॅलेसला एक अशा पार्ट्या होतात. पॅलेसच्या एका पार्टीला सुमारे ८,००० माणसं असतात. आठ हजार! राजवाड्याच्या मागे ३९ एकरांची बाग आहे, तळं आहे, त्या हिरवळीवर ही सगळी माणसं दुपारभर असतात, चहा पितात, बँड ऐकतात आणि सहाच्या सुमाराला घरी जातात. तिथे कोणालाही मेडल देत नाहीत, शाल-श्रीफळ नाही, स्टेजवर नाव पुकारणं नाही. एमबीई, ओबीई वगैरे किताब वेगळे, त्यांचा समारंभ वेगळा, तो राजवाड्याच्या आत होतो. गार्डन पार्टीचं कार्ड राजाच्या वतीने लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजाच्या दरबारी कारभाराचे प्रमुख, पाठवतात आणि ते फक्त आमंत्रण असतं. म्हणून 'शाही पुरस्कार मिळाला' असं छापणं चूक आहे. आणि 'राजाने भेट घेतली' हेही शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या बाबतीत खरं नसतं, ते कसं ते पुढे सांगते.

पण पुरस्कार नसला तरी त्या कार्डाला किंमत आहे, कारण ते मागून मिळत नाही. तुम्ही स्वतःसाठी अर्ज करू शकत नाही, तिकीट विकत घेता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी तुमचं नाव सुचवावं लागतं. प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, राजाचा एक प्रतिनिधी असतो, लॉर्ड लेफ्टनंट म्हणतात त्यांना, त्यांचं ऑफिस नावं पाठवतं, कौन्सिल पाठवतं, सरकारी खाती, सैन्यदलं, चर्च आणि इतर धर्मांच्या संस्था, मोठ्या चॅरिटी पाठवतात. आणि साधारण नियम असा की माणसाला हे आमंत्रण एकदाच, म्हणजे दरवर्षी नवीन माणसांना संधी मिळते. मला हा नियम फार आवडला. आपल्याकडच्या सत्कारांना तीच तीच माणसं पहिल्या रांगेत बसलेली बघून बघून असेल कदाचित.

आता आमचं काम सांगते, कारण मूळ मुद्दा तोच आहे.

आम्ही काही जणी आणि दोन-तीन काका मिळून आमच्या भागातल्या लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एकत्र जमायचा कार्यक्रम करतो. बहुतेक मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी माणसं. साठ-सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून, इंजिनिअर म्हणून इकडे आलेले आपले लोक आहेत, आणि १९७२ साली तिथला हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा जी सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली त्यातलेही काही आहेत. आयुष्यभर इथे राहिली, इंग्लिशमध्ये नोकऱ्या केल्या, टॅक्स भरला, मुलं वाढवली. आणि आता आजारात काय होतं, की नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणची उरते. म्हणजे ज्या बाईंनी तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काम केलं त्यांना आता देखभाल करणाऱ्या इंग्लिश केअररने विचारलेलं कळत नाही, तहान लागली, दुखतंय, बाथरूमला जायचंय हे त्या मराठीत सांगतात आणि समोरच्याला वाटतं काहीतरी बरळताहेत. मग चिडचिड, मग रिपोर्टमध्ये 'अ‍ॅग्रेसिव्ह' असा शेरा. एकदा शेरा पडला की तो पुसायला फार कष्ट पडतात.

आमच्याकडे एक आजी यायच्या. मुलगी आणून सोडायची. आजी कोणाशी बोलायच्या नाहीत, सारख्या उठून दाराकडे जायच्या, घरी जायचंय म्हणायच्या. आमच्यातल्या एका काकूंनी एके दिवशी घरून पाखडायचं सूप आणलं आणि त्यात तांदूळ घालून आजींपुढे ठेवलं, म्हणाल्या, "आजी, जरा निवडून देता का, माझे डोळे चालत नाहीत." आजींनी सूप मांडीवर घेतलं, दोनदा असं हलकेच पाखडलं, आणि बोटांनी खडे बाजूला सारायला लागल्या, अगदी सराईत हात. तासभर जागच्या हलल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "हा तांदूळ जुना नाही गं, भात चिकट होईल." मुलगी दारात उभी राहून बघत होती, तिने कितीतरी महिन्यांत आईचं एवढं सरळ वाक्य ऐकलं नव्हतं. तेव्हापासून सूप आणि तांदूळ हॉलमध्येच असतात. लोकर गुंडाळणं, वाती वळणं, रुमालाच्या घड्या, जुनी नाणी वेगळी करणं, असं हाताचं काम आम्ही देतो. दहीभात पांढऱ्या ताटलीत दिला की काहींना तो दिसतच नाही, त्यामुळे न खाता उठतात आणि घरच्यांना वाटतं भूक मेली, म्हणून आमच्या ताटल्या लाल आणि निळ्या आहेत. अशा बारीक बारीक गोष्टी आहेत. काही आम्ही नर्सकडून शिकलो, काही त्या म्हाताऱ्या माणसांनीच शिकवल्या.

याला कोणी पैसे देत नाही, हॉलचं भाडं वर्गणीतून निघतं. आणि आमच्याबद्दल कोणी काही लिहावं असं आमच्या डोक्यातही नव्हतं. नाव सुचवलं ते एका आजोबांच्या मुलाने, त्यांचे वडील वारल्यानंतर, आम्हाला न सांगता. इथे स्वयंसेवी गटांसाठी एक खरोखरचा पुरस्कार आहे, किंग्ज अवॉर्ड फॉर व्हॉलंटरी सर्व्हिस. राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २००२ साली तो सुरू झाला, तेव्हा क्वीन्स अवॉर्ड म्हणायचे. हा एकट्या माणसाला मिळत नाही, गटालाच मिळतो, आणि गटांसाठी तो एमबीईच्या तोडीचा मानतात. नाव बाहेरच्या माणसाने सुचवायचं, आणखी दोघांनी पाठिंब्याची पत्रं लिहायची, मग लॉर्ड लेफ्टनंटच्या ऑफिसातली माणसं प्रत्यक्ष येऊन काम बघतात, मग वरची समिती, मग राजाची मंजुरी. नाव दिल्यापासून निकाल लागेपर्यंत साधारण वर्ष जातं. आमच्याकडे बघायला आलेल्या बाई दोन तास बसल्या, त्यातला बराच वेळ त्या आजोबा मंडळींच्या टेबलावर पत्ते खेळत होत्या, प्रश्न थोडेच विचारले. निकाल १४ नोव्हेंबरला जाहीर होतो, राजाच्या वाढदिवशी. अवॉर्ड आपल्याच भागात येऊन देतात, राजाच्या सहीचं प्रमाणपत्र असतं. आणि त्या गटातल्या दोघांना पुढच्या उन्हाळ्यात गार्डन पार्टीचं आमंत्रण मिळतं.

फक्त दोघांना. मग कोणी जायचं यावर आमच्यात बोलणं झालं. मला वाटलं होतं अवघड जाईल पण दोन मिनिटांत ठरलं, सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं की चहावाल्या काकू जाणार. या काकूंच्या यजमानांना डिमेन्शिया होता, ते आमच्याकडे यायचे, ते गेल्यावर काकू पंधरा दिवसांनी परत आल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या, आणि तेव्हापासून चहा-खाण्याचं सगळं त्यांच्याकडे. ऐंशीच्या घरातल्या आहेत. त्यांच्या सोबतीला आणि फॉर्म वगैरे भरायला म्हणून मी.

कार्ड आलं, जाड हस्तिदंती रंगाचं, वर राजाची मोहोर. सोबत आत जायचा पास, ओळखीचा पुरावा आणायचा निरोप, आणि कपड्यांबद्दल सूचना. पुरुषांना सूट किंवा मॉर्निंग ड्रेस, म्हणजे मागे लांब असलेला समारंभाचा कोट, बायकांना साधा दिवसाचा ड्रेस, बहुतेक जणी हॅट घालतात, आणि आपापल्या देशाचा पोशाख किंवा युनिफॉर्मही चालतो हे स्पष्ट लिहिलेलं. त्यामुळे साडीचा प्रश्नच नव्हता. काकूंनी इरकल नेसली, जुनी, घरात वापरून मऊ झालेली. मुलीने नवीन पैठणी आणून दिली होती पण काकू म्हणाल्या, "यांच्यासोबत कामाला नेसायचे तीच नेसणार, मला त्यात चालता येतं." आणि चालणं खूप असतं हो, ज्यांना आमंत्रण येईल त्यांच्यासाठी सांगते, चपला सपाट घाला, टाचा हिरवळीत रुततात.

दुपारी तीनला गेट उघडतं. त्याआधी बाहेर भली मोठी रांग. आणि मला विचाराल तर त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती रांग. आमच्या पुढे कॉर्नवॉलहून आलेला एक माणूस होता, लाइफबोटवर काम करणारा. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या लाइफबोटी इथे मुख्यतः सरकार चालवत नाही, १८२४ पासून आरएनएलआय नावाची चॅरिटी ते करते आणि बोटीवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. तो पेशाने प्लंबर. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं, रात्री-अपरात्री, आणि हे तो तरुणपणापासून करतोय. मागे एक जोडपं होतं, त्यांनी इतकी वर्षं अनाथ आणि घरातून काढून आणलेली मुलं सांभाळली होती, बाई पर्समधून फोटो दाखवत होत्या, हा आता बस चालवतो, ही नर्स झाली. एक शाळेबाहेर मुलांना रस्ता ओलांडून देणारी आजी, पिवळा कोट नव्हता म्हणून मला ओळखता आलं नसतं, तिनेच सांगितलं. गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या फूड बँकेत काम करणारा एक शीख मुलगा होता. काकूंना इंग्लिश येतं पण त्या कमी बोलतात, तरी लाइफबोटवाल्याला त्यांनी विचारलं की भीती वाटत नाही का. तो म्हणाला, निघताना वेळ नसतो, परत आल्यावर वाटते. काकू मला मराठीत म्हणाल्या, "यांचंही तसंच होतं बघ, ते होते तोवर वेळच नव्हता."

आम्ही पुढच्या मुख्य गेटने गेलो, म्हणजे राजवाड्याचं अंगण ओलांडून, आतल्या दालनातून मागच्या गच्चीवर आणि तिथून पायऱ्यांनी बागेत. चार वाजता राजघराण्यातली मंडळी गच्चीवर आली, राष्ट्रगीत झालं, आणि मग ती खाली उतरून लोकांमधून चालायला लागली. लाल-सोनेरी जुन्या पद्धतीचे कपडे घातलेले योमन ऑफ द गार्ड, म्हणजे राजाचे मानाचे रक्षक, गर्दीत वाटा करतात, लोक दोन्ही बाजूंना उभे राहतात, आणि पाहुण्यांमधून थोड्या जणांना पुढे आणून उभं करतात, त्यांच्याशी बोलणं होतं. आठ हजारांत बोलणं किती जणांशी होणार? राजा चार्ल्स आमच्यापासून आठ-दहा फुटांवरून गेले, एका व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकाशी बराच वेळ बोलले, वाकून, त्याचं बोलणं संपेपर्यंत. आमच्याशी बोलणं झालं नाही. झालं असतं तर आनंदच होता, नाही झालं तर काही कमी पडलं असंही नाही. पण म्हणून सांगते, फोटोखाली 'राजाशी चर्चा केली' असं लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.

खाण्याबद्दल एकच सांगते. चहाचे लांबच लांब तंबू असतात, एका पार्टीत सुमारे २७,००० कप चहा आणि वीस-वीस हजार सँडविच नि केकचे तुकडे लागतात असं सांगतात, आणि हे सगळं गोंधळ न होता सरकत असतं. काकू तिथे उभ्या राहून बघतच राहिल्या. मग हातातलं काकडीचं सँडविच मला दाखवून म्हणाल्या, "कडा काढल्यात बघ, आणि बोटभर लांब. एका हातात मावतं, चमचा लागत नाही, सांडत नाही. आपल्या लोकांना हे जमेल." खरंच आहे ते, डिमेन्शिया वाढला की काटा-चमचा हाताळणं सुटतं आणि हाताने उचलून खाता येईल असं छोटं काही दिलं तर माणूस स्वतःचं स्वतः खातो, भरवावं लागत नाही, त्यात त्याचा मान राहतो. पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडे ढोकळा, थालीपीठ, पराठा सगळं बोटभर कापून मिळायला लागलं. एक आजोबा गेले कित्येक दिवस भरवून घेत होते, ते आता थालीपीठाचा तुकडा स्वतः उचलतात. राजवाड्यात जाऊन आम्ही काय आणलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

आता दुसऱ्या तटाबद्दल. 'गोऱ्यांची गुलामी' म्हणणाऱ्यांवर मी रागावलेली नाही. त्या राजवाड्याच्या वैभवात आपल्या देशातून गेलेलं किती आहे हे मला शाळेपासून माहीत आहे, आणि त्या पायऱ्या उतरताना ते मनात आलंच. राजेशाही असावी का, तिच्यावर सरकारी तिजोरीतून एवढा खर्च व्हावा का, २०२४-२५ साली सॉव्हरिन ग्रँट, म्हणजे राजाच्या अधिकृत कामासाठी सरकार देतं ते वार्षिक अनुदान, ८६.३ दशलक्ष पौंड होती आणि या पार्ट्यांचा खर्चही त्यातच येतो, हे प्रश्न इथले इंग्लिश लोकही उघडपणे विचारतात, आणि विचारावेत. काही जण आमंत्रण नम्रपणे नाकारतात, त्यांचाही मी आदर करते. पण आमच्यापुरतं सांगायचं तर आमचं नाव राजाने शोधून काढलं नव्हतं. ते वडील गमावलेल्या एका मुलाने लिहिलं होतं, पाठिंब्याचं एक पत्र लायब्ररीतल्या बाईंनी लिहिलं आणि दुसरं एका नर्सने. तिघांनी आपला वेळ घालून आमच्यासाठी एवढं केलं, त्यावर आम्ही नको म्हणणं हे त्यांना नको म्हणणं झालं असतं. आणि काकूंचं चार वर्षांचं पुसणं-भरवणं, रात्रीची जागरणं, ती कोणी बघितली नव्हती, मुलांनीसुद्धा पूर्ण बघितली नव्हती. त्या कार्डावर त्यांचं नाव हाताने लिहिलेलं होतं. मला नाही वाटत त्यात कोणाची गुलामी होती.

पण एक गोष्ट मला सलते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बागेत ज्या कामाला एवढा मान मिळतो त्याच कामाकडे सरकारी धोरण कसं बघतं? म्हाताऱ्यांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या केअररना पंधरा-पंधरा मिनिटांच्या व्हिजिट देतात. पंधरा मिनिटांत कोट काढायचा, औषध द्यायचं, लंगोट बदलायचा, वहीत लिहायचं आणि पळायचं, त्यात बोलणार कधी? २०२२ साली माणसं कमी पडली म्हणून बाहेरच्या देशांतून केअरर आणायला व्हिसा खुला केला, आपल्याकडूनही पुष्कळ जण आले, घरदार गहाण ठेवून एजंटला पैसे भरून आले. मग ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना नवरा-बायको-मुलं आणायला बंदी, आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन केअरर घेणंच बंद. आलेत त्यातल्या कितीतरी जणांना मालकांनी फसवलं, सांगितलेलं काम दिलंच नाही, आणि ती माणसं आज एका खोलीत चौघं राहून दुसरा मालक शोधताहेत. आमच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी फुकट मदतीला येणारी दोन मुलं त्यातलीच आहेत. आजींशी मराठीत बोलणारी माणसं हीच आहेत हो. यांना चहाचं आमंत्रण मिळालं नाही तरी चालेल, त्यांना नीट पगार आणि व्हिसाची खात्री आधी मिळू दे.

म्हणून तुम्हाला विनंती, संपादक महोदय, की अशी बातमी तुमच्या टेबलावर आली तर ती छापाच, पण एक फोन करून त्या व्यक्तीला विचारा की काम काय करता, कोणाबरोबर करता, नाव कोणी सुचवलं. पुरस्कार आहे की आमंत्रण आहे ते नीट लिहा, त्याने बातमी लहान होत नाही. आणि गटाचं काम असेल तर गटाचं नाव आधी येऊ दे. आपल्या गावातही एखादी अंगणवाडीताई, एखादा वॉर्डबॉय, घरी पडून असलेल्या आईचं करणारा मुलगा असं काम वर्षानुवर्षं करत असतो, लंडनची बातमी वाचून वाचकाला आपल्या गल्लीतला तो माणूस आठवला तर त्या बातमीचा उपयोग आहे.

आणि ब्रिटनमध्ये राहणारे वाचक तुमच्याकडे बरेच आहेत, त्यांच्यासाठी चार ओळी. आपली मंडळं इथे किती जुनी आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचं, गणपती-दिवाळी जोरात होते, पण अशा पुरस्कारांसाठी आपण आपल्या माणसांची नावं फारशी सुचवत नाही, कारण आपल्याला वाटतं ओळख लागते. ओळख लागत नाही, मी शपथेवर सांगते. किंग्ज अवॉर्डसाठी गट किमान तीन वर्षं काम करणारा हवा, तीन किंवा जास्त माणसांचा, आणि कारभार स्वयंसेवकांच्या हातात हवा. फॉर्म ऑनलाइन आहे, पैसे लागत नाहीत. फॉर्म भरणारा गटातला नको आणि पत्रं लिहिणारे दोघेही गटाबाहेरचे हवेत, बाकी तुमचं इंग्लिश साधं असलं तरी चालतं, त्यांना खरं काय घडतं तेवढं हवं असतं. 'समाजाची सेवा करतात' असं लिहू नका, सूप आणि तांदूळ लिहा. कोणाला फॉर्म भरताना मदत लागली तर आपापल्या काउंटीच्या लॉर्ड लेफ्टनंटच्या ऑफिसला फोन करा, तिथली माणसं नीट उत्तरं देतात. आम्ही या वर्षी शेजारच्या भागात अंध लोकांना बाजारहाटाला घेऊन जाणाऱ्या एका तमिळ गटाचं नाव देतोय, फॉर्म अर्धा भरून झालाय, दुसरं पत्र कोणी लिहायचं ते येत्या गुरुवारी ठरेल.

आपली,
एक नियमित वाचक, लंडन